कॅसेटसारखं वाजवा, अण्णा

सभ्य माणूस दुकानात चोरी करताना दिसला तर आपण काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बंगलोरला राजाजीनगरच्या मोठ्या रस्त्यावर कॅसेटचं एक दुकान होतं. नागपूरला माझ्या आईला पाठवायला म्हणून मी भजनांची कॅसेट घ्यायला गेले होते. आत पाहते तर विशूअण्णा. आमचे घरमालक, सरकारी कारखान्यात ड्रॉइंग विभागात मोठ्या हुद्द्यावर, पन्नाशी उलटलेले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नव्या कॅसेटींच्या फळीवरून चार-पाच डब्या झटक्यात उचलल्या आणि पलीकडच्या स्तोत्रांच्या रांगेमागे सरकवून दिल्या. मग वळले, तर समोर मी.

अण्णांना लाज वाटली की आधी कान लाल होत आणि मग चेहरा. त्या दिवशी दोन्ही एकदमच झालं.

"मंदा, तू काही बघितलं नाहीस."

"नाही, अण्णा."

"सरी, ठीक आहे. चल, कॉफी पाजतो."

कॉफी प्याले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. माझ्यात तेवढा सभ्यपणा नाही. स्तोत्रांच्या मागे हात घालून एक डबी ओढून काढली. वर नाव होतं, 'सिल्व्हर शाम'. खाली विशूअण्णा स्वतः! अंगात चंदेरी जाकीट, हातात गिटार आणि पाठ टेकलेली कुणाच्या तरी मोटारसायकलला. या माणसाला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. लोक दुसऱ्याची वस्तू पळवतात, आमचे घरमालक स्वतःची लपवत होते. आणि ते काही एकाच दुकानात नव्हे, हे मला पुढे कळलं. बाजारात भाजी आणायला गेले की वाटेतलं प्रत्येक कॅसेटचं दुकान ते असं 'साफ' करून येत.

त्या लाजेची गोष्ट सांगायची तर आधी अण्णांचं वाजवणं सांगायला हवं.

नव्वदच्या आसपास दिलीपची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्याच कारखान्यात नेमणूक झाली आणि आम्ही अण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. अण्णांचे वडील बेळगावकडून बंगलोरला आलेले. त्यामुळे त्या घरातलं मराठी अर्धं कानडीत भिजलेलं असे. अण्णा उंच, किडकिडीत. केस तेल लावून चापून बसवलेले आणि शर्टाच्या खिशात पेन्सिल. हा माणूस जॅझ वाजवतो असं कुणी नुसतं बघून ओळखलं असतं, तर मी माझं नाव बदललं असतं. तरुणपणी ते कॅन्टोन्मेंटमधल्या एका लग्नाला गेले, तिथे डग्लस नावाच्या पियानोवाल्याचा बँड ऐकला आणि खुर्च्या घड्या करून उचलून नेल्या तरी हे तिथेच उभे. त्यानंतर दर रविवारी डग्लसच्या घरी कुक टाउनला जाऊन वाजवायचं, हा नेम. ताप असला तरी जात. अंगाला ताप असतो, बोटांना नाही, असं म्हणत.

कारखान्यातून आले की हातपाय धुऊन पुढच्या व्हरांड्यात बसत आणि वाजवत. पहिल्या आठवड्यात मला त्यातलं काही कळलं नाही. पण एक दिवस काहीतरी फार गोड वाजलं. दुसऱ्या दिवशी मी जिन्यावरून डोकावून म्हटलं, "अण्णा, कालचं वाजवा ना."

"कालचं काल वाजवलं."

"तेच परत वाजवा की."

"परत तेच? मग आजचा दिवस कशाला उगवला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डग्लसच्या मंडळींचा तो धर्मच होता. एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवायचं नाही. सूर तेच, ताल तोच, पण वाट रोज नवी. अण्णांनी हा धर्म आयुष्यालाही लावून ठेवला होता. कारखान्यात जायचे ते रोज वेगळ्या रस्त्याने, आणि मग बस चुकायची. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता, ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन, पण एकदा कुत्रा पोस्टमनचा होता, एकदा मामलेदाराचा, आणि एकदा तर ती शेळी होती. मात्र सकाळची कॉफी त्याच पेल्यात, तेवढीच कडक लागायची. पेला बदलला की घर डोक्यावर.

"ह्यांचा धर्म स्वैपाकघराच्या बाहेर," सुमनअक्का म्हणायच्या.

सुमनअक्का म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि काम करताना सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. भजन, हळदी-कुंकवाची गाणी, रेडिओवरचं कानडी भावगीत, काहीही. फक्त अण्णांचं कधी नाही. मी एकदा विचारलं. त्या डोशाचं पीठ ढवळत होत्या.

"लग्न ठरलं तेव्हा सांगितलं, मुलगा गिटार वाजवतो. मी खूश. म्हटलं, सिनेमाची गाणी वाजवेल, आपण म्हणू. अय्यो, कुठलं काय! धरायलाच काही सापडत नाही गं. आत्ता हाताला लागलं म्हणावं, तर गेलं सरकून. पाहुणा बरा, जाताना येतो तरी म्हणतो."

हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मीही हसले. मूल नाही, नवरा रोज संध्याकाळी दोन तास व्हरांड्यात, आणि त्या दोन तासांतलं आपल्याला एक घासही नाही, हे काही हसण्यासारखं नव्हतं. पण ते मला फार उशिरा सुचलं.

मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. त्या दिवसांत पॉपच्या कॅसेटींचं पेव फुटलं होतं. टीव्ही लावला की कुणीतरी वाळवंटात नाचतच असे. त्या माणसाने अण्णांना कुठल्यातरी हॉटेलात डग्लसबरोबर वाजवताना ऐकलं होतं. तो म्हणाला, "सर, आधी एक हलकंफुलकं करू, लोकांना नाव कळू दे. मग तुमच्या जॅझचीच कॅसेट काढू." अण्णांनी जन्मभर दुसरं काही मागितलं नव्हतं. आपल्या जॅझची एक कॅसेट, बस्स. ते हो म्हणाले.

स्टुडिओत काय झालं ते अण्णांनी मला एकदाच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर नक्कीच वेगळं सांगितलं असतं. तिथे ना तबला होता ना ड्रम, नुसतं तालाचं यंत्र. अण्णांना म्हणाले, गाण्यांच्या मधे घालायला एक छोटासा गोड तुकडा द्या. अण्णांनी सहज, खुर्चीत मागे रेलून एक तुकडा वाजवला. शेवटाकडे बोट तारेवरून घसरलं आणि 'क्विं' असा आवाज आला. अण्णा म्हणाले, पुन्हा घेऊ. मुंबईचा माणूस म्हणाला, "छान झालंय सर, नंतर बघू." अण्णांना वाटलं, नंतर म्हणजे आपल्याला बोलावतील. नंतर म्हणजे कॉम्प्युटर, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

कॅसेट घरी आली त्या दिवशी अक्कांनी चिरोटे केले होते. आम्हा दोघांना खाली बोलावलं. टेपरेकॉर्डरला हळद-कुंकू लावलं होतं. अक्कांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. ढिशुम ढिशुम असा ताल सुरू झाला. मग एक मुलगी चांदण्याबद्दल काहीतरी गायली, आणि मग अण्णांचा तुकडा आला. खरंच गोड होता. शेवटी 'क्विं'. अण्णा कसनुसं हसले. एक कडवं झालं. पुन्हा तोच तुकडा, तसाच, आणि तिथेच 'क्विं'. पुन्हा कडवं, पुन्हा तुकडा, पुन्हा 'क्विं'. दुसऱ्या गाण्यातही तोच. अण्णांच्या हातातला चिरोटा तसाच राहिला.

"हे मी एकदाच वाजवलं होतं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "एकदाच. ह्यांनी चिकटवलंय. चूकसुद्धा चिकटवलीय."

आणि उठून आत गेले. दिलीप म्हणाला, "पण छान वाटतंय हो, अण्णा." त्याला नको तिथे बोलायची सवय आहे.

त्या रविवारी अण्णा कुक टाउनला गेले नाहीत. पुढच्याही नाही. डग्लसने कॅसेट ऐकली असणार, ही त्यांची खात्री. ज्या माणसाने 'परत तेच नको' शिकवलं, त्याच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जायचं? ते मला म्हणाले, "मंदा, चूक सगळ्यांचीच होते. पण जॅझवाल्याची चूक हवेत विरून जाते. माझी बाजारात विकायला ठेवलीय." मग सुरू झाल्या त्या दुकानांच्या फेऱ्या. व्हरांड्यातलं वाजवणं बंद झालं आणि संध्याकाळी ते नुसते पेन्सिलीला टोक करत बसत.

पण चिरोट्यांच्या दुसऱ्याच सकाळी मी खाली दूध आणायला उतरले, तेव्हा स्वैपाकघरातून अक्कांचं गुणगुणणं ऐकू आलं. तोच तुकडा. डोसा तव्यावर फिरवताना सुरू केला आणि उलथताना संपवला. शेवटी जिभेने टाळ्यावर 'क्विं'. अगदी जागच्या जागी. मी दारात उभी असलेली त्यांना दिसली, तशा लाजल्या.

"सापडलं गं," म्हणाल्या.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपती एका शाळेच्या हॉलमधे बसायचा. पाच दिवस नाटुकली, पाककृती, लहान मुलांचे नाच. त्या वर्षी अण्णांना वाजवायचा आग्रह झाला. अख्ख्या मंडळात ज्याचा फोटो कॅसेटवर छापला गेला असा एकच माणूस, त्याला कोण सोडतो? ते नाही म्हणत होते. अक्कांनीच तयार केलं. स्वतः मोरपंखी इरकल नेसल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या भजनाच्या बायका. अक्कांनी त्या सगळ्यांना तो तुकडा शिकवून ठेवला होता, 'क्विं'सकट.

अण्णांनी सुरुवात केली. त्याच गाण्याने केली, पण त्यांच्या रीतीने. तुकड्याचं एक टोक धरलं आणि निघाले आपले कुठल्या कुठे. पहिल्या रांगेतल्या बायका तोंड उघडून तयार, आणि म्हणायला काही येईचना. मागून एक जण ओरडला, "कॅसेटसारखं वाजवा, अण्णा!" लोक हसले. दुसरा म्हणाला, "ओरिजिनल! ओरिजिनल!" अण्णांचे कान लाल झालेले मला पहिल्या रांगेतून दिसले. त्यांनी हात थांबवला, माइक ओढला आणि म्हणाले,

"ती कॅसेट म्हणजे माझ्या आयुष्यातली लाज आहे. आणि ज्याला ती आवडली, त्याला संगीतातलं काही म्हणजे काही कळत नाही."

मग कुणीतरी उगाच टाळ्या वाजवल्या. अण्णा गिटार उचलून मागच्या दाराने गेले. मी अक्कांकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहायची हिंमत झाली नाही. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी होता. त्यांनी तो उचलला आणि पदर सारखा केला, इतकंच दिसलं. शेजारची बाई म्हणाली, "मनावर घेऊ नका हो." अक्का म्हणाल्या, "छे, छे. खरंच आहे ते. आरती कधी आहे?"

त्या दिवसापासून खालचं गुणगुणणं बंद झालं. तो तुकडाच नव्हे, सगळंच. भजन नाही, भावगीत नाही. सकाळी डोसा होई तो नुसता चर्र आवाज करून. मला त्या घराची इतकी सवय झाली होती की ती शांतता कानाला टोचायची. मला अण्णांचा राग आला होता. एवढा हुशार माणूस, कानाने मुंगीची पावलं मोजेल असा, आणि आपल्या स्वैपाकघरातून काय येईनासं झालंय ते याला ऐकू येत नाही? मी दिलीपला म्हटलं, तू सांग. दिलीप म्हणाला, नवरा-बायकोच्यात मी नाही पडणार. पहिल्यांदाच तो योग्य वेळी गप्प बसला होता, आणि नेमकं तेव्हाच त्याने बोलायला हवं होतं.

मग एका रविवारी डग्लस स्वतःच आला. काठी टेकत, नातवाने हात धरलेला. वयाने पुष्कळ वाकलेला, पण टाय बांधलेला. मी खाली इडलीचं भांडं परत द्यायला गेले होते, ती तिथेच थांबले. तो इंग्रजीतच बोलायचा, मधूनच कानडीचा शब्द घालून.

"विशू, मला पियानोवर एकटं टाकून तू कुठे पळालास?"

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही ती कॅसेट ऐकलीत?"

"ऐकली. घाणेरडी आहे. मग?"

"मग काय? मला लाज वाटते."

"अरे, मी नऊ वर्षं एका हॉटेलात वाढदिवसाची गाणी वाजवली. रोज तीच. माझी पोरं त्यावर वाढली. तुझी काय मोठी राजघराण्याची अब्रू गेली रे?" मग तो कॉफी घेऊन आलेल्या अक्कांकडे वळला. "मॅडम, तुम्हाला कशी वाटली कॅसेट?"

अक्कांनी पेला त्याच्या हातात दिला. हात पुसले. डग्लसला समजावं म्हणून आधी कानडीत म्हणाल्या आणि मग मराठीत, ते आमच्यासाठी की अण्णांसाठी, कोण जाणे.

"मला संगीतातलं काही कळत नाही. ह्यांनीच सांगितलंय, माइकवरून."

अण्णांनी मान वर केली. अक्का थांबल्या नाहीत. आवाजही चढवला नाही.

"लग्न झाल्यापासून घरात वाजवतायत. मी कधी म्हटलं नाही, मला द्या. एक तुकडा आपणहून हाताला लागला. तोही ह्यांनी चारचौघांत परत मागून घेतला. घेऊ देत. त्यांचाच आहे."

आणि आत गेल्या. डग्लसने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "स्वल्प साखर जास्त आहे." अण्णांचे कान लाल झाले नाहीत. उलट सगळा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला कळलं की आतापर्यंत दिसत होती ती त्यांची लाज वरवरची होती. खरी आत्ता लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून टेपरेकॉर्डरचा आवाज आला. तुकडा वाजला. खट् करून थांबला. फीत किरकिरत मागे गेली. पुन्हा तुकडा. मग गिटार. मग पुन्हा खट्. जिन्यात उभी राहून मी ऐकत होते आणि मला हसावं की रडावं कळेना. सहज, खुर्चीत मागे रेलून जे वाजवून टाकलं होतं, तेच हा माणूस शाळकरी पोरासारखा स्वतःकडून पाठ करत होता. आणि जमत नव्हतं! बोटांना जन्मभर नवीन वाट धरायची सवय. दोन सूर सरळ गेले की तिसऱ्याला फाटा फुटायचा. असं कितीतरी संध्याकाळी चाललं. अखेर एक दिवस सगळा तुकडा सलग आला, स्वच्छ, एकही सूर इकडचा तिकडे नाही. मग स्वैपाकघरातून, तव्यावरच्या आवाजातून, अक्का बोलल्या.

"तसं नाही ते. शेवटी क्विं पाहिजे."

"सुमन, ती चूक आहे."

"असू दे. माझ्या तुकड्यात ती आहे."

आता चूक काय, आपोआप होते. मुद्दाम करायला गेलं की होत नाही. अण्णांनी बोटं ओली करून पाहिली, तारा बदलून पाहिल्या, तारेला खोबरेल लावून पाहिलं. कधी 'खर्र' व्हायचं, कधी 'टुंग'. आतून उत्तर यायचं, "नाही." एकदा वैतागून म्हणाले, "बेडा, नको! मला हे येणार नाही." अक्का म्हणाल्या, "सरी. राहू द्या." आणि त्या दिवशी दोघंही गप्प जेवले असणार, कारण भांड्यांचासुद्धा आवाज आला नाही.

रविवारी ते पुन्हा कुक टाउनला जाऊ लागले. जॅझची कॅसेट काही निघाली नाही. मुंबईच्या माणसाने पुढे फोन उचलणंच बंद केलं. अण्णांनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या दुकानात मी अधूनमधून स्तोत्रांच्या मागे हात घालून बघायची. 'सिल्व्हर शाम' तिथेच, धूळ खात. म्हणजे जगासमोरची लाज त्यांनी काही सोडली नव्हती.

दशक संपता संपता दिलीपची नागपूरला बदली झाली. निघायचा दिवस. सामानाचा ट्रक सकाळी लवकर भरून झाला होता. अक्कांनी वाटेसाठी दशम्या आणि चटणी बांधून दिली, माझी ओटी भरली, आणि डोळे पुसायचं निमित्त नको म्हणून की काय, अंगणात जाऊन पुन्हा रांगोळी काढायला बसल्या. पहिली रांगोळी ट्रकवाल्यांनी पुसली होती. अण्णा व्हरांड्यात गिटार घेऊन बसले होते. मी वर कुलूप लावून जिना उतरू लागले आणि खालून तो तुकडा आला. सलग, सरळ, कॅसेटसारखा. शेवटाकडे बोट तारेवरून घसरलं आणि झालं, 'क्विं'. अगदी त्याच जागी. रांगोळीवरून मान न उचलता अक्कांनी जिभेने टाळ्यावर तसंच केलं, त्याच क्षणी, जणू वर्षानुवर्षं दोघं मिळून हेच करत आली होती.

मी पायरीवरच थांबले. अण्णांना वर कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागली. त्यांनी पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले, त्या दिवशी दुकानात झाले होते तसेच.

"अण्णा," मी म्हटलं, "परत तेच?"

त्यांनी लाल कानांनी खाली बघितलं, बोटं जागेवर ठेवली आणि तुकडा पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.